टोकाचं स्टूल

"काका, समोरची कुठाय?"

"कोण समोरची?"

"अहो, हिच्यासमोर खेळतेय ती पोरगी."

मास्तर, म्हणजे प्रांजलचे वडील, मोबाईलवर वाकले. स्क्रीनवर नुसती प्रांजल होती. पांढरा ड्रेस, जाळीचा मास्क, हातात तलवार. मागं सरकत होती, मध्येच वार करत होती, आणि कुणावर करत होती ते देवाला माहीत. अधूनमधून डाव्या कडेनं एक तलवारीचं टोक यायचं आणि जायचं. तेवढीच समोरची.

"तिचं काय करायचंय?" मास्तर म्हणाले. "अर्ज काय तिचा भरायचाय?"

प्रांजल खुदकन हसली. मी पण हसलो, पण मला टेन्शन आलं होतं. मी पुढचा व्हिडिओ लावला. त्यातही तेच. त्याच्या पुढच्यातही. शाळेपासूनच्या सगळ्या मॅचेस मास्तरांनी स्वतः शूट केलेल्या, आणि एकातसुद्धा दोन माणसं नाहीत.

मिरजेत एका मोबाईल रिपेअरीच्या दुकानावर माझी खोली होती तेव्हा. मी अभिनंदन मगदूम. आधी तलवारबाजी खेळायचो, राज्यापर्यंत गेलो, मग गुडघा गेला. बी.कॉम. अर्धवट. घरी बसून बसून कळलं की अमेरिकेतल्या काही कॉलेजांच्या तलवारबाजीच्या टीम असतात, आणि त्यांना बाहेरच्या देशातली पोरं चालतात. खेळ चांगला, मार्क बरे आणि अर्ज नीट असला तर शिक्षणाचं बघतात ते. हे सगळं मी यूट्यूब बघून शिकलो. कोचला मेल कसा करायचा, निकाल कसे मांडायचे, निबंध कसा लिहायचा. मी स्वतः मुंबईच्या पलीकडं गेलो नव्हतो. पण आमच्या क्लबातली दोन पोरं गेली होती, त्यामुळं पोरं मला 'अमेरिकावाला' म्हणायची.

प्रांजल माळवदे तिसरी असणार होती. बारावीला होती. मी बघितलेल्यांत सगळ्यात भारी.

"काका, ऐका," मी म्हटलं. "तिकडच्या कोचबाईंचा मेल आलाय. त्यांना पूर्ण मॅच पाहिजे. दोघी दिसल्या पाहिजेत, आणि लाईटचा डबा पण दिसला पाहिजे. कुणाचा वार लागला ते लाईटवरनंच कळतं ना."

"हिचाच लागला. मी सांगतो की."

"तुम्ही सांगून काय उपयोग?"

"का? मी काय खोटं बोलतो?"

"बाबा," प्रांजल म्हणाली, "तो तसं नाही म्हणत."

"अजून एक लिहिलंय बाईंनी." हे मी जरा हळू म्हटलं. "प्रत्येक क्लिपमध्ये ही मागं जाते. पार पट्टीच्या शेवटच्या रेषेपर्यंत. त्या विचारतायत, ही पुढं जाऊन खेळते का कधी? का घाबरते?"

प्रांजल आपल्या चपलेकडं बघायला लागली. मास्तरांनी चहाचा ग्लास घ्यायला हात पुढं केला आणि ग्लास पडला. सगळा चहा माझ्या वायरीवर.

"आयला," मास्तर म्हणाले. "कडंला कशाला ठेवतोस रे ग्लास?"

ग्लास त्यांच्या हातापाशीच होता.

*

तलवारबाजीची पट्टी लांबट असते, आमच्यात तिला पिस्ट म्हणतात. दोघी समोरासमोर, पुढं-मागं, पुढं-मागं. तुमचं टोक ओलांडून मागं गेलात तर समोरचीला पॉइंट. त्यामुळं टोकाला जाऊन खेळणं म्हणजे विहिरीच्या काठावर उभं राहून भांडणं. प्रांजल मुद्दाम काठावर जायची. समोरची हावरी व्हायची, पुढं झेपावायची, आणि ही शेवटच्या फुटात थांबून तलवारीचं टोक सरळ तिच्या मनगटावर ठेवायची. बघणाऱ्याचा जीव जायचा. जिंकायची पण. पण मोठ्या खेळाडूपुढं हे चालत नाही. तो हावरा होत नाही. तो तुम्हाला तिथंच उभं ठेवून मारतो.

आणि त्या टोकाला एक निळं प्लास्टिकचं स्टूल असायचं. त्यावर मास्तर.

दिगंबर माळवदे. ब्राह्मणपुरीत त्यांचं टेलरिंगचं दुकान. सगळे मास्तरच म्हणायचे. प्रांजलची आई ती सहावीत असताना गेली, तेव्हापासून पोरगी खेळायला गेली की दुकान बंद. तिचं पहिलं जॅकेट त्यांनी स्वतः शिवलेलं, जाड कॅनव्हासचं, दुहेरी शिलाई मारून. पंचांनी ते चालवून घेतलं नव्हतं, पण अख्ख्या क्लबानं हात लावून बघितलं होतं. स्पर्धा कुठलीही असो, नाव पुकारलं की मास्तर स्टूल उचलायचे, प्रांजलचं टोक कुठलं ते विचारायचे आणि तिथं जाऊन बसायचे. मग सलाम. मॅच सुरू व्हायच्या आधी खेळाडू तलवार उभी धरून सलाम करतो, समोरचीला, पंचांना आणि बघणाऱ्यांना. प्रांजलचा तिसरा सलाम स्टुलाला असायचा. मास्तर हात वर करायचे, मग ती मास्क घालायची. हात वर आला नाही तर थांबायची. पंच ओरडले तरी थांबायची.

मी क्लबात मास्तरांना शूटिंग शिकवायला घेतलं. भिंतीपाशी खडूनं फुली मारली. "इथं उभं राहायचं काका. मोबाईल आडवा. हलवायचा नाही. दोघी आत, डबा आत. बास."

"एवढंच ना?"

प्रांजल आणि एक पोरगी खेळल्या. मी जाऊन व्हिडिओ बघितला. सुरुवातीला दोघी. मग मोबाईल सरकत सरकत प्रांजलवर. नुसती प्रांजल.

"काका!"

"काय झालं?"

"हलवायचा नाही म्हटलं होतं ना?"

"कुठं हलवला?"

"मुद्दाम करताय का तुम्ही? पोरीचं नुकसान होतंय, कळतंय का?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मोबाईल माझ्या हातात दिला आणि दाराकडं निघाले. दाराच्या चौकटीला खांदा आपटला. थांबले, खांदा चोळला, गेले.

"अभिदा," प्रांजल मागनं म्हणाली, "परत असं बोलायचं नाही त्यांना."

"अगं पण—"

"तू कर शूट. नाशिकला तू ये. बाबांना सांगू नको काही."

एवढ्या थंडपणे बोलली की मी 'बरं' म्हटलं.

निबंधाचं पण तसंच. तिकडं अर्जात स्वतःबद्दल लिहायचं असतं. मला वाटलं, आयता विषय आहे. बापानं शिवलेलं जॅकेट. वाचणारा रडला पाहिजे. प्रांजल म्हणाली, "बाबांवर नाही लिहायचं."

"का?"

"लिहायला लागले तर सगळंच लिहावं लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही लिहायचं." मग तिनं पुराबद्दल लिहिलं. आमच्या हॉलमध्ये पाणी शिरलं होतं, सगळी पाती गंजली, आणि आम्ही पंधरवडाभर काचकागदानं घासत बसलो होतो ते. चांगलं लिहिलं होतं. पण मला जॅकेटच पाहिजे होतं.

*

नाशिकला राज्य स्पर्धा. मोठा हॉल, ओळीनं पिस्ट, सगळीकडं पीं पीं आवाज. आमचे शिर्केसर, मी, मास्तर आणि ती. सकाळपासून मास्तर स्टूल घेऊन फिरत होते. प्रांजल प्रत्येक मॅचला टोकाला जात होती आणि तिथनं जिंकत होती. मी शूट करत होतो आणि शिव्या घालत होतो. मनातल्या मनात. एकाही मॅचमध्ये मधली रेघ ओलांडून गेली नाही. हे बाईंना काय पाठवू?

उपांत्य फेरी जिंकली. मी तिच्यापाशी गेलो. ती पाणी पीत होती.

"प्रांजल, फायनलला पुढं जा. एकदा तरी."

"बघते."

"बघते नाही. ती पुण्याची पोरगी तुला टोकाला उभं करून खाईल. आणि माझ्याकडं पाठवायला हीच एक मॅच उरलीय."

"बघते म्हटलं ना अभिदा."

बाटलीचं झाकण लावताना ती माझ्याकडं नाही, लांब स्टुलाकडं बघत होती.

फायनल मधल्या उंच पिस्टवर होती. आयोजकांनी खालच्या सगळ्या खुर्च्या काढल्या. प्रेक्षक वर गॅलरीत. एक कार्यकर्ता मास्तरांपाशी आला. "काका, स्टूल उचला. खाली कुणी बसायचं नाही आता."

"मी कडंला बसतो. कुणाला त्रास नाही."

"नाही ओ. सगळ्यांना सारखं."

"अरे, माझी पोरगी खेळतीय."

"म्हणूनच म्हणतोय काका, वरनं झकास दिसेल."

मास्तर माझ्याकडं वळले. म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला वळले, हे मला आता कळतंय. "चल," म्हणाले.

जिना चढताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. एक पायरी चुकली. मी दंडाला धरलं तर हात झटकला, आणि मग स्वतःच परत माझा खांदा पकडला. पहिल्या रांगेत बसलो. मी मोबाईल स्टँडवर लावला, दोघी आत, डबा आत. एक नंबर. तेवढ्यात हॉलचे दिवे बारीक केले. फायनलला करतात तसं. फक्त पिस्टवर उजेड.

"कुठाय?" मास्तर म्हणाले.

"काय?"

"प्रांजल."

"समोरच की. डाव्या टोकाला."

मास्तरांनी डोकं थोडं फिरवलं, थांबवलं. परत थोडं फिरवलं. कवाडाच्या फटीतनं बाहेर बघतो ना माणूस, तसं. डोळे मोठे केलेले, आणि नजर लागतच नव्हती कुठं. एवढ्या अंधारात तेवढा एकच पट्टा लख्ख होता, आणि मास्तर तो शोधत होते.

मी हात त्यांच्या गालापाशी नेला. हलवला. पापणी हलली नाही.

"काका. कधीपासून?"

"मोबाईल चालू आहे?"

"हो."

"मग बोलू नको."

"काका, तुम्हाला—"

"कडेकडनं मिटत आलंय," एवढं हळू म्हणाले की मी कान पुढं केला. "सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलंय, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, औषध नाही. सुईपुढचं दिसतं अजून. जवळ असली तर ती दिसती. लांबचं सगळं पुसट झालंय." मग माझं मनगट घट्ट धरलं. "तिला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती जायची नाही. तुझ्या आईची शपथ आहे तुला."

खाली पंचांनी बोलावलं. दोघी समोरासमोर आल्या. प्रांजलनं समोरचीला सलाम केला. पंचांना केला. मग तिनं वर बघितलं.

मास्तर बसलेले. हात मांडीवर.

तलवार तशीच उभी. पंच काहीतरी म्हणाले. प्रांजल हलली नाही. सगळी गॅलरी आमच्याकडं वळून बघायला लागली.

"काका," मी म्हटलं, "सलाम करतेय. हात वर करा."

मास्तरांनी झटकन हात वर केला. सरळ समोरच्या काळ्या भिंतीला.

"थोडं डावीकडं."

हात डावीकडं आला. खाली प्रांजलनं मास्क घातला.

"आता सांग," मास्तर म्हणाले. "सगळं सांग."

मी सांगायला लागलो. मला काय येत होतं? मी कधी कॉमेंट्री केली नव्हती. "मागं सरकतेय. समोरची हळूहळू येतेय. अजून मागं. पार टोकाला गेली काका. वार... लाल लाईट. समोरचीला."

"आपला हिरवा?"

"हिरवा."

परत मागं गेली. परत लाल. परत. पुण्याची पोरगी घाईच करत नव्हती, नुसती टोकाला कोंडून टोचत होती. दरवेळी पॉइंट गेला की प्रांजल मान वळवून टोकाकडं बघायची. तिथं स्टूल नव्हतं. रिकामी फरशी.

विश्रांती झाली. शिर्केसर तिच्या कानाशी काहीतरी सांगत होते, ती ऐकत नव्हती. मास्क कपाळावर ढकललेला, नजर वर. आमच्याकडं. बराच वेळ बघत होती.

"काय करतेय?"

"आपल्याकडं बघतेय."

"तू बोलत राहा," मास्तर म्हणाले. "तोंड बंद करू नको."

मग ती पट्टीवर आली आणि पुढं गेली.

म्हणजे अक्षरशः चालत गेली. मधली रेघ ओलांडली. पुण्याची पोरगी दचकली. "पुढं गेली काका! मधली रेघ... अजून पुढं... ती मागं पळतेय... मनगटावर! हिरवा! हिरवा काका!" मास्तरांनी माझा दंड असा दाबला की वळ उठले. "परत जातेय... खोटा वार दाखवला, खालून घातला, गुडघ्यावर! हिरवा!" मी उभा राहिलो होतो. मागनं कोणीतरी ओरडलं, "ए, बस की!" मला शुद्ध नव्हती. मी प्रांजलला लहानपणापासून बघत होतो. ही पोरगी मी कधी बघितलेलीच नव्हती. अख्खी पट्टी तिची होती.

चौदा-चौदा. पंधराला मॅच संपते. आता एक.

"दोन्ही लाईट. दोघींचं एकदम लागलं. शेवटच्या पॉइंटला धरत नाहीत हे. परत."

"श्वास घे," मास्तर म्हणाले. मला की तिला, कुणास ठाऊक.

"पुढं जातेय. थांबली. समोरची पण थांबली. आता... गेली. झेपावली."

आवाज झाला.

"कुणाचा?"

"काका..."

"रंग सांग."

"लाल."

मास्तरांनी दंड सोडला. खाली पुण्याच्या पोरीला तिच्या लोकांनी उचललं होतं.

"पुढं जाऊन खाल्ला ना?"

"पुढं जाऊन."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

*

खाली आलो. प्रांजल घामानं निथळत होती, गळ्यात रुप्याचं पदक.

"बाबा, दिसलं का?"

"सगळं दिसलं!" मास्तर म्हणाले. "तो गुडघ्यावरचा तर काय घातलास! खोटा वार दाखवून खालनं. आणि शेवटी झेप घेतलीस ती, आहाहा. नशीब नव्हतं, बास." माझाच एकेक शब्द. एकही चुकला नाही. प्रांजल ऐकत होती आणि मान हलवत होती. मग शिर्केसर त्यांना फोटोसाठी घेऊन गेले.

ती जमिनीवर बसली. हातमोजा काढायला लागली. घामानं चिकटला होता, निघत नव्हता.

"तू सांगत होतास ना त्यांना?" वर न बघता म्हणाली.

मी मोबाईलचा स्टँड मिटायला लागलो. शपथ होती.

"खालून दिसत होतं. तुझं तोंड एक मिनिट बंद नव्हतं."

"प्रांजल..."

"मला माहितीये अभिदा. दहावीपासून माहितीये. दुकानात कात्री शेजारी असते आणि ते टेबलभर हात फिरवतात. खांद्यावर हात ठेवून चालतात ते लाडानं चालतात असं म्हणायचं, म्हणून मी पण तसंच म्हणते." मोजा निघाला. "मी मध्ये गेले की त्यांची मान हलायला लागते. इकडं, तिकडं. शोधतात. मास्कमधनं मला दिसायचं ते. मग मागं यायचे मी. टोकाला आलं की मान थांबायची."

मी तिच्यासमोर बसलो. गुडघा दुखत होता, तरी.

"बाई विचारत होत्या ना, घाबरते का म्हणून," ती म्हणाली. "हो म्हणून सांग." आणि मग पटकन, "त्यांना सांगू नको मला माहितीये ते. त्यांना वाटेल मी त्यांच्यामुळं हरते."

तिकडनं मास्तर सरांच्या खांद्यावर हात ठेवून येत होते. हसत. ती उठली, पदक सारखं केलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, इकडं! भूक लागलीय, चला!"

*

तो व्हिडिओ मी पाठवला. आवाज काढून टाकला. त्यात माझंच बोंबलणं होतं सगळं. बाईंचं उत्तर लगेच आलं. मग दोन वेळा व्हिडिओ कॉल, मग मार्क, शिफारसी, मुलाखत. आणि मग एक दिवस तो मेल आला. जागा पक्की, शिक्षण त्यांच्याकडं. मी पळत दुकानात गेलो.

मास्तर ब्लाऊजपीस कापत होते. प्रांजल शिलाईच्या स्टुलावर बसून काजं करत होती. मी वाचून दाखवलं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली, देवाच्या फोटोकडं हात जोडले.

"मी नाही जाणार," प्रांजल म्हणाली.

"काय?"

"सांगलीच्या कॉलेजात घेते ॲडमिशन. खेळता येतं की इथनं पण."

"का?"

"नको वाटतंय."

"नको वाटतंय म्हणजे काय? वर्षभर हा पोरगा राबला, तू राबलीस. अभिनंदन, सांग रे हिला."

मी दोघांकडं बघत होतो. त्यांची शपथ एका बाजूला, तिचं 'सांगू नको' एका बाजूला.

"बाबा, घरी एकटी आत्या, तिचं पण वय झालंय. तुम्हाला जेवायला कोण—"

"मी काय लहान आहे?"

"नाही जायचं मला. विषय संपला."

मास्तर उठले. टेबलाच्या कडेला हात लावत लावत तिच्यापाशी आले. अगदी समोर. तिच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं. तिचं नाक त्यांच्या नाकापासून वीतभर असेल.

"ऐक," म्हणाले. "मला तू जाताना बघायचीयस. आत्ता गेलीस तर बघता येईल. दोन वर्षांनी गेलीस तर नाही."

काजाची सुई तिच्या हातात तशीच राहिली.

"तुम्हाला..." ती म्हणाली, "मला माहितीये ते तुम्हाला माहितीये?"

"मागं मागं यायचीस टोकाला. ते काय मला दिसत नव्हतं?" मास्तर म्हणाले. "बाळा, तेवढंच तर दिसत होतं."

मी बाहेर येऊन उभा राहिलो. आत काय झालं ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं मशीन चालू झाल्याचा आवाज आला.

*

मुंबईच्या विमानतळावर आत सोडत नाहीत. दारापाशी गर्दी, ट्रॉल्या, हार, रडारड. मास्तरांना मी लोखंडी कठड्यापाशी उभं केलं, उजेडात. प्रांजल पाया पडली. तलवारींची लांब बॅग ट्रॉलीवर. दोन पावलं गेली आणि मधेच एक कुटुंब आलं, मास्तरांची मान हलायला लागली. इकडं. तिकडं.

प्रांजलनं बघितलं. ट्रॉली वळवली, परत समोर आली. आणि मग ती उलटी चालायला लागली. तोंड आमच्याकडं, ट्रॉली मागं ओढत. आम्ही क्लबात शिकतो तसंच, मागचा पाय आधी, मग पुढचा, नजर न हलवता. लोक बाजूला होत होते. मास्तरांची मान थांबली.

"दिसतेय," म्हणाले. "दिसतेय. दिसतेय..."

मग गप्प झाले. ती अजून दारात उभी होती, हात हलवत होती. मी काही बोललो नाही.

*

आता चार वर्षं होत आली. मास्तरांना आता काहीच दिसत नाही. दुकान पुतण्या बघतो. प्रांजल मध्ये एकदा आली होती सुट्टीत. त्यांनी तिला दारातच उभं केलं आणि विती टाकत मोजलं. खांदे, बाही, कंबर. "खांदे वाढलेत," म्हणाले. "जुनी मापं टाकून द्यायची आता." तिनं मान दुसरीकडं वळवली. तशी गरज नव्हती, तरी वळवली.

तिनं खेळ चालू ठेवलाय. जिंकते, हरते. तिकडच्या मॅचेस लाईव्ह दाखवतात, मी त्यांच्या शेजारी बसून सांगतो. आता बऱ्यापैकी सांगता येतं.

पण रविवारी मी गेलो की मास्तरांना दुसरंच पाहिजे असतं.

"लाव," म्हणतात.

मी नाशिकचा व्हिडिओ लावतो. आवाजासकट असलेला, तिकडं न पाठवलेला. मोबाईल त्यांच्या मांडीवर ठेवतो. ते भिंतीला टेकून बसतात. हॉलचा गोंगाट येतो, पीं पीं येतं, कुणाची तरी खुर्ची सरकते. मग सगळं शांत होतं आणि माझाच जुना आवाज, घाबरलेला:

"काका, सलाम करतेय. हात वर करा."

मास्तर हात वर करतात.

"थोडं डावीकडं."

आणि हात थोडा डावीकडं नेतात.